राहिलेला शेवट

सोमवारी प्रार्थना आटोपून हजेरीपट घ्यायला शिक्षकखोलीत आलो, तर आठवीतली एक मुलगी दारात उभी. मिटलेल्या छत्रीतून पाणी गळून तिच्या पायाशी थारोळं साचलं होतं. एरवी "आत येऊ का सर?" विचारल्याशिवाय उंबरा न ओलांडणारी मुलगी. त्या दिवशी दारातूनच म्हणाली, "सर, तो मरता. तुमी आमका सांगूक नाय."

वर्गात ती माझ्याशी नेहमी पुस्तकी मराठी बोलते. रागात मालवणी आली होती. कुणाबद्दल बोलतेय ते मला लगेच कळलं.

आमची शाळा मालवण तालुक्यात, किनाऱ्यालगतच्या गावात. मी गणित शिकवतो. जुलैचा महिना होता, मासेमारी बंद, होड्या झापांखाली ओढून ठेवलेल्या. घातांकाचा धडा चालू होता, म्हणून शनिवारच्या अर्ध्या दिवसात मुलांना 'पे इट फॉरवर्ड' हा चित्रपट दाखवायचं मी ठरवलं. २००० सालचा हा अमेरिकन चित्रपट, मिमी लेडर यांनी दिग्दर्शित केलेला. लास वेगासमधला सातवीचा मुलगा, ट्रेव्हर. शिक्षक वर्गाला काम देतात: जग बदलेल अशी कल्पना शोधा आणि ती करून बघा. ट्रेव्हर ठरवतो, आपण तीन जणांना मदत करायची, तीही साधीसुधी नाही, त्यांना स्वतःला जमणार नाही अशी. त्यांनी ती आपल्याला परत करायची नाही, आणखी तिघांना पुढे द्यायची.

खिडक्यांना ताडपत्री लावली, प्रोजेक्टर बाकावर ठेवला आणि भिंतीवर चित्र उमटलं. संवाद इंग्रजी, त्यामुळे मी थांबवून थांबवून मराठीत सांगत होतो. मुलाची आई दारूतून बाहेर यायला धडपडते, त्यातले काही प्रसंग आणि मोठ्या माणसांचे काही मी पुढे सरकवले. ते आठवीच्या वर्गासाठी नव्हते, त्याचं मला आजही काही वाटत नाही.

मध्येच दिवे लावून फळ्यावर आकडे मांडले. तीन, नऊ, सत्तावीस, एक्याऐंशी. मुलं वहीत गुणत गेली. बाराव्या पायरीला ५,३१,४४१. सगळ्या पायऱ्यांची बेरीज ७,९७,१६०. मी त्यांना सांगितलं, २०११ च्या जनगणनेत आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास साडेआठ लाख होती. म्हणजे तेराव्या पायरीला जिल्ह्यातली माणसं पुरतच नाहीत! वर्गात एकच कल्ला झाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा ओरडला, "सर, ही तर रापण!" रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. तिचा दोर ओढायला जो हात लावील त्याला मासळीचा वाटा मिळतो, हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक. त्याच्या शेजारच्याने लगेच खोडून काढलं, "रापणीत वाटो थयच्या थय मिळता. हयसर देणाऱ्याक काय मिळता?" वीस वर्षांच्या नोकरीत घातांकाच्या तासाला इतका चांगला प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

आता त्या शेवटाबद्दल. चित्रपट मी आधी पाहिलेला होता. वार्ताहर ट्रेव्हरची मुलाखत घेतो, दुरावलेली आई आणि शिक्षक जवळ येतात, आणि तेवढ्यात मुलगा बाहेर बघतो तर त्याच्या मित्राला दांडगी पोरं मारत असतात. तो मध्ये पडतो. एकाच्या हातात चाकू असतो. मुलगा जातो. कॅथरीन रायन हाइड यांच्या १९९९ च्या मूळ कादंबरीतही तो वाचत नाही.

समोर बसलेल्या मुलांत ही मुलगी होती. दोन वर्षांपूर्वी, असल्याच पावसात, कुणाची तरी होडी इंजिन बंद पडून खाडीच्या मुखाशी अडकली होती. तिचे बाबा ती ओढून आणायला गेले. ती होडी आली, ते आले नाहीत. मी तेव्हा तिच्या घरी गेलो होतो. ते खळं, घरापुढचं अंगण, माझ्या डोळ्यासमोरून अजून हलत नाही.

शनिवारी सकाळी आमच्या शिपाईमामांना विचारलं होतं, काय करू? मामा हौशी दशावतारी. कंपनीबरोबर रात्र रात्र उभे राहतात. म्हणाले, "आमच्या नाटकात राजा मरता. पण पहाटे धयकालो झालो काय तोच राजा उठान चाय पिता. माणसांका रडत घराक धाडू नये, सर." मला ते पटलं. पटायलाच हवं होतं, कारण मनातून मी आधीच ठरवलं होतं. आई आणि शिक्षक एकत्र आले तिथे मी चित्र थांबवलं आणि म्हणालो, "संपला." मुलांनी टाळ्या वाजवल्या. हसऱ्या चेहऱ्याने घरी गेली आणि मी समाधानाने ताडपत्री काढली.

रविवारी तिने भावाच्या मोबाइलवर उरलेला चित्रपट शोधून पाहिला.

दारात उभ्या त्या मुलीला मी म्हणालो, "अगं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून." ती म्हणाली, "माका वाईट वाटात म्हणान, ना?" मी गप्प. डोळे भरले होते, पण रडत नव्हती. "मग त्येचा तिसरा काम रवलाच तर."

ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ट्रेव्हरच्या तीन माणसांतला तिसरा म्हणजे तोच मार खाणारा मित्र. आधी एकदा त्या मित्राला पोरांनी घेरलं होतं तेव्हा ट्रेव्हर घाबरून मागे राहिला होता, आणि ते त्याच्या मनाला लागून होतं. शेवटी तो धावतो तो राहिलेलं काम पुरं करायला. मी मरण कापलं, त्याबरोबर तेही कापलं. गणिताच्या मास्तराने तीनातला एक गाळला होता.

त्या दिवशी गणिताच्या तासाला वर्गासमोर उभं राहून सांगितलं, "शनिवारी मी तुम्हाला खोटं सांगितलं. चित्रपट संपलेला नव्हता." ज्यांना बघायचं नसेल त्यांनी व्हरांड्यात बसावं, म्हटलं. कुणी उठलं नाही. शिपाईमामाही येऊन दाराशी टेकले.

मला तो शेवट आजही खटकतो, हे सांगायला हवं. मरणामुळे नाही, घाईमुळे. ज्याच्या हातून चाकू चालतो त्या पोराला आपण धड ओळखतही नाही, आणि शोक करायला उसंत मिळण्याआधीच मेणबत्त्या दिसू लागतात. ते मरण मुलाच्या वाट्याला आलं तसंच यायचं होतं असं मला वाटत नाही. पण म्हणून आधीची दीड-पावणेदोन तासांची चांगुलपणाची गोष्ट नासली, असं म्हणणाऱ्यांशी मी भांडेन. साने गुरुजी इथलेच, दापोलीजवळच्या पालगडचे. 'श्यामची आई'त आई जाते. आचार्य अत्र्यांच्या त्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, आणि आईच्या मरणाने तो बिघडला असं माझ्या आजीपासून माझ्या मुलीपर्यंत कुणाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. वर्गात ती गोष्ट वाचताना माझा आवाज अडखळतो, तरी ते पान मी कधी गाळलं नाही. मग याच मुलांसाठी हे पान का गाळलं?

भिंतीवर शेवटचं दृश्य आलं. आई दाराबाहेर येते तर समोर अनोळखी माणसंच माणसं, हातात मेणबत्त्या, आणि अंधारात लांबवर येत राहिलेल्या गाड्यांच्या दिव्यांची रांग. बाहेर पाऊस कौलांवर कोसळत होता. मी समजावून सांगायचं थांबलो. सांगण्यासारखं तिथे काही नव्हतं.

दिवे लावले. दोन-तीन मुली रडत होत्या, एक मुलगा बाकावर डोकं ठेवून होता. मामा मान खाली घालून उभे होते. मग ती मुलगी उठली, मला न विचारता, आणि वर्गाकडे वळून बोलू लागली. "आमच्याकडे पण अशीच माणसां इलेली. बाबांच्या दिवसांका. खळ्यात मावत नाय हुती." थांबली. "एक जण वेंगुर्ल्यासून इलेलो. आईन त्येका कधी बघूक नाय हुतो. बाबांनी त्येच्या इंजिनाक समुद्रात पानो दिलेलो, तो परत घेवन इलेलो. आईच्या हातात दिल्यान आणि खळ्याच्या कडेक जावन बसलो. जेवलो पण नाय."

तिच्या बाबांकडे पान्यांचा अख्खा संच असायचा, बंदरावर सगळ्यांना ते माहीत होतं. वर्ग चिडीचूप. दोरावरून हुज्जत घालणारा तो मुलगा, ज्याच्या घरीही होडी आहे, त्याने मागच्या बाकावरून हळूच विचारलं, "कितीचो पानो?"

"अठरा-एकोणीस," ती म्हणाली.