मधला दगड

मागच्या वर्षी घराची दुरुस्ती काढली तेव्हा आमची मातीची जुनी चूल मोडावी लागली. गवंड्याने पहार घातल्यावर तिची भिंत उभी चिरली गेली आणि आतून वीटकरी लाल, मध्ये काळपट, तर बाहेरून सारवणाचे कागदासारखे पातळ पापुद्रे एकावर एक बसलेले दिसले. मी ते मोजू लागलो, पण चाळिसाच्या पुढे हिशेब राहिला नाही. उत्खननात चूल ओळखतात ती अशाच खुणांवरून: भाजून लाल झालेली माती, राखेचा थर आणि पुन्हापुन्हा केलेले लिंपण. भांडी हलतात, फुटतात, दुसऱ्या घरी जातात. चूल मात्र पेटली तिथेच राहते.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी या पुरातत्त्वज्ञांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शंभराहून अधिक घरे तिथे उघडी पडली. त्यांतल्या आरंभीच्या चौकोनी घरांत लंबगोल खड्ड्याच्या चुली आहेत आणि खड्ड्याच्या मध्यभागी एक सपाट दगड आहे. हा दगड भांडे टेकवण्यासाठी होता, असे अभ्यासक सांगतात, आणि ते सहज पटते.

आता राजस्थानातल्या कालीबंगनला जाऊ. हडप्पा संस्कृतीच्या या नगरातही जमिनीतले खड्डे, राख, कोळसा आणि मध्यभागी मातीचा उभा खांब मिळाला. मात्र इथे त्याला ‘अग्निवेदी’ हे नाव पडले. बालेकिल्ल्यातल्या एका चौथऱ्यावर असे सात खड्डे ओळीने असून जवळच विहीर आहे. त्या सात खड्ड्यांबाबत विधीचा अर्थ मला नाकारता येत नाही. पण तसेच खड्डे खालच्या नगरातल्या घरांच्या खोल्यांतही आहेत, आणि तिथे त्यांना वेदी म्हणण्याआधी चूल म्हणून पाहावे, असे काही अभ्यासकांप्रमाणे मलाही वाटते. इनामगावचा मधला दगड भांड्याचा आधार ठरतो आणि कालीबंगनचा खांब यज्ञाचा, यात पुराव्याइतकाच आपल्या अपेक्षेचाही वाटा असावा. (शिवाय घरच्या चुलीलाही आपण हळदकुंकू वाहतोच; तेव्हा या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडणेही तितकेसे सोपे नाही.)

हा निवाडा करायचा तर राखेकडेच वळावे लागते. राख पाण्यात कालवली की जळके दाणे वर तरंगतात आणि ते बारीक जाळीच्या चाळणीत धरता येतात. गोवऱ्या जळल्या असतील, तर शेणात असलेले चुन्याचे सूक्ष्म गोळे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. अर्थात आच फार तीव्र झाली असेल, तर तेही उरत नाहीत. मातीतले लोहकण पुरेसे तापून थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात; ही दिशा काळानुसार बदलत असल्यामुळे न हललेल्या चुलीवरून ती शेवटची केव्हा चांगली तापली होती, याचाही अंदाज बांधता येतो. भांडे टेकवायच्या दगडाला वरून काजळी कमी आणि कडेने जास्त असायला हवी, असा माझा साधा तर्क आहे.

आमच्या चुलीचा एक तुकडा मी डब्यात ठेवला आहे. त्याच्या लाल बाजूला बोट लावले, तर अजूनही काळे होते.