ताशी चार मैलांची सुट्टी

आमच्याकडे सहल ठरते ती ‘पॉइंट’ मोजून. महाबळेश्वरला गेलो तरी जेवणाआधी किती पॉइंट झाले याचा हिशेब ड्रायव्हरच्या आधी आम्हीच मांडतो. परदेशात तर आठ दिवसांत निदान चार देश झाले नाहीत, तर नातेवाइकांत तोंड दाखवायची सोय नाही. त्यामुळे पुढच्या मे महिन्यात इंग्लंडच्या कालव्यांवर हॉटेल-बोटीत आठवडाभर राहू या, असं मी म्हटल्यावर नणंदेचा पहिला प्रश्न ठरलेलाच होता. “वहिनी, पण तिथे बघायचं काय काय?”

खरं उत्तर ‘फारसं काही नाही’ असं होतं. ते मी दिलं नाही. “तुम्ही चला तर, ताई,” एवढंच म्हटलं.

कालवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाटाचं पाणी, उसाला मिळणारं आवर्तन आणि काठावर धुणं येतं. तिथले कालवे खणले गेले कोळशासाठी. अठराव्या शतकात अभियंता जेम्स ब्रिंडली आणि मंडळींनी पाणी आणि पैसा दोन्ही वाचावेत म्हणून बऱ्याच कालव्यांवरची लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोटीला वर-खाली नेणारे, दोन्ही टोकांना दारं असलेले हौद, जेमतेम सात फूट रुंद बांधली. लॉकमध्ये मावायचं म्हणून बोटीही सात फुटांच्या आत, लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत. काठावरून घोडा चालायचा आणि दोरीने बोट ओढायचा. मग रेल्वे आली, ट्रक आले, कोळसा गेला. बोटींचं माप तेवढं राहिलं आणि त्याच मापात आता लोक सुट्टी घालवतात.

हॉटेल-बोटी पुष्कळदा जोडीने हिंडतात. पुढे इंजिनवाली ‘मोटर’ आणि तिच्यामागे दोरीने बांधलेली, बिनइंजिनाची ‘बटी’. बोट हाकणं, स्वयंपाक, झाडलोट हे सगळं कर्मचारी करतात. पाहुण्यांनी बसायचं, खायचं आणि कंटाळा आला तर काठाकाठाने चालायचं. नवऱ्याचा आग्रह होता की नुसती बोट भाड्याने घेऊ, मी चालवतो. बोटीच्या पार मागच्या टोकाला उभं राहायचं, उजवीकडे वळायला सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलायचा आणि नाक सत्तर फुटांवर कुठे चाललंय ते अंदाजाने ओळखायचं, हे सगळं लेकीने त्याला फोनवर समजावलं. अंगणातून गाडी मागे घेताना मी काय काय ऐकते, हेही तिला ठाऊक आहे. विषय तिथे मिटला.

या सुट्टीत ‘कुठे जायचं’ हे ठरवता येत नाही, ‘कुठला आठवडा’ हे ठरवता येतं. वसंतापासून शरदापर्यंत या बोटी देशभर फिरत असतात. एका गावात पाहुणे उतरतात, तिथेच पुढचे चढतात. म्हणजे आगगाडीने एका गावाला जायचं आणि परतीची गाडी भलत्याच गावाहून धरायची. वर्षाचं वेळापत्रक समोर ठेवून आम्ही भांडायला बसलो. नवऱ्याला लँगॉलन कालवा हवा होता, कारण तिथे अभियंता थॉमस टेलफर्डच्या काळातला, १८०५ सालचा पाँटकसिल्टे जलसेतू आहे. दरीत अठरा उंच दगडी खांब, त्यांवर ओतीव लोखंडाची पन्हळ आणि तिच्यातून ३८ मीटर उंचीवरून जाणारी बोट. एका बाजूला पायवाट आणि कठडा आहे, दुसऱ्या बाजूला पन्हळीची कड संपली की थेट हवा. नणंदेने फोटो पाहून चष्मा काढून ठेवला. लेकीचं मत शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डला. नाटकं बघता येतील, आणि तिथे कालव्यातून एव्हन नदीत उतरणारं लॉक थिएटरच्या जवळच आहे.

मी अडून बसले ते ऑक्सफर्ड कालव्याच्या दक्षिण भागासाठी. हाही ब्रिंडलीच्याच आखणीतला. डोंगर फोडण्यापेक्षा समान उंचीच्या रेषेने वळसे घेत जाणं त्याला पसंत होतं. कालवा पुरा होण्याआधी, १७७२ मध्येच तो गेला; पाणी ऑक्सफर्डला पोहोचलं १७९० साली. नॅप्टनच्या टेकडीवर पवनचक्की आहे. तिथली लॉक चढून गेलं की क्लेडनपर्यंत सुमारे अकरा मैल एकही लॉक नाही, आणि हे अकरा मैल सरळ रेषेत मोजले तर पाचसुद्धा भरत नाहीत! वर्मलेटन नावाच्या खेड्याला तर कालवा तीन बाजूंनी वेढा घालतो. तेच गाव डावीकडे दिसतं, मग चहा होतो, आणि पुन्हा तेच गाव डावीकडे. याच कालव्याचा उत्तरेकडचा भाग १८३० च्या सुमारास स्पर्धेच्या धास्तीने सरळ केला. दक्षिणेकडे कोणी हात लावला नाही, हे आमचं भाग्य.

अंतराचा हिशेब नवऱ्याने लगेच ताब्यात घेतला. कालव्यावरचे लोक मैल आणि लॉक यांची बेरीज करतात आणि तिला तीनाने भागतात. उत्तर तासांत येतं. नॅप्टन ते ऑक्सफर्ड सुमारे पन्नास मैल आणि जवळजवळ चाळीस लॉक, म्हणजे नव्वद भागिले तीन, तीस तास. सहा दिवसांत रोज पाच. मोटारीने हेच अंतर सव्वा-दीड तासाचं. पुण्याहून वाईला जायला आठवडा लावण्यासारखं आहे, असं तो म्हणाला आणि वही मिटली. ताशी चार मैल ही तिथली वेगमर्यादा, पण तेवढ्यानेही लाटा उठून काठ ढासळतो, म्हणून प्रत्यक्षात तीनच. बांधलेल्या बोटीजवळून जाताना त्याहूनही हळू, नाहीतर आतून कोणीतरी डोकं बाहेर काढून ओरडतं.

मला या बेताची चटक लागली ती एका लॉकवर. लेक वॉरिकजवळ राहते आणि तिथे हॅटनला एकापाठोपाठ एक २१ लॉक आहेत. मागच्या खेपेला आम्ही त्यांच्या काठावर सँडविच खात बसलो होतो. खालून एक बोट आली, रिकाम्या लॉकमध्ये शिरली आणि तिच्यामागे दारं लागली. एक सत्तरीच्या बाई काटकोनी लोखंडी हँडल घेऊन पुढच्या दाराकडे गेल्या. ते खुंट्यावर बसवून फिरवत राहिल्या, तशी खालची झडप उघडली आणि पाणी उसळत आत आलं. बोट हळूहळू वर येऊ लागली. बाई दाराच्या जाडजूड लाकडी तुळईला पाठ टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्या पायाखाली अर्धगोलात विटांच्या उंचवट्याच्या ओळी होत्या, टाचा रोवायला. आतबाहेरच्या पाण्यात चार बोटांचा फरक असेपर्यंत चौघांनी ढकललं तरी ते दार हलत नाही. बाई वाट बघत होत्या, मध्येच आमच्याशी हवापाण्याचं बोलल्या. पाणी समान झालं, त्यांनी पाठीनेच जरा रेटलं आणि एवढं मोठं दार मुकाट्याने उघडलं. त्या हॉटेल-बोटीवरच्या पाहुण्या होत्या. काम करायचं नाही म्हणून पैसे भरायचे आणि मग हौसेने हे करायचं! मला तेव्हाच बाईंच्या हातातलं हँडल हवं होतं.

हॅटनची लॉक रुंद आहेत, मोटर आणि बटी शेजारी-शेजारी मावतात. आमच्या कालव्यावर आधी मोटर जाणार आणि मग बटीला दोरीने, हाताने ओढून आत घेणार. दोन फेऱ्या, दुप्पट वेळ. नवऱ्याच्या तीस तासांत हे धरलेलं नाही, ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

महिन्याचं मात्र नीट बघावं लागतं. प्रत्येक बोटीमागे लॉकमधून लाखभर लिटर पाणी खाली जातं आणि ते मुख्यतः माथ्यावरच्या तलावांतून यायचं असतं. पावसाने ओढ दिली की ऑगस्टच्या सुमारास लॉकच्या वेळा कमी करतात, कधी बंदच ठेवतात. हिवाळ्यात दुरुस्त्या. आणि पाऊस जास्त झाला तर नदीची अडचण. आमच्या वाटेवर कालवा मैलभर चेरवेल नदीतूनच जातो, तिला पूर आला की बोटी खुंट्याला. मे महिन्यात यातलं काही होण्याचा संभव कमी, शिवाय काठाने हॉथॉर्नची झुडपं फुललेली असतात.

केबिन म्हणजे रेल्वेचा कुपेच. चाकांच्या टणक सूटकेस चालत नाहीत, दुमडता येणाऱ्या कापडी पिशव्या आणा, असं स्पष्ट लिहिलंय. एवढ्यासाठी नणंदेने माळ्यावरून जुना होल्डॉल काढला. जेवणाचं आधी कळवावं लागतं. “शाकाहारी लिही, आणि अंडं केकमधलं चालेल,” असं तिने मला फॉर्म भरताना सांगितलं. पुढे गुडघ्यांविषयी प्रश्न होता, कारण बोटीत उतरायला उभ्या पायऱ्या असतात. तिथे तिने ‘उत्तम’ लिहायला लावलं. वर, त्या विटांवर कुठले बूट घसरणार नाहीत ते लेकीला विचारून ठेव, असंही म्हणाली.