आमची वाटचाल : बाकांकडून मण्यांकडे

अण्णांचा धंदा शाळेच्या बाकांचा. लोखंडी अँगलचा सांगाडा, वर बाभळीच्या फळ्या, आणि जूनच्या आधी दोन महिने रात्रीचा दिवस. २२ जून २०१५ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शाळा सुधारण्याच्या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला आणि आमच्या सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, बघायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. 'ज्ञानरचनावाद', म्हणजे पोरांनी स्वतः करून शिकायचं, हा शब्द मी तेव्हा ऐकला. मुलं जमिनीवर गटागटानं बसलेली, फरशीवर रंगवलेले आकडे, आणि बाक वर्गाबाहेर. अण्णा म्हणाले, "पोरांचं भलं झालं. आपण काय खायचं?"

वाट दाखवली ती जिल्हा परिषद शाळेच्या एका गुरुजींनी. त्यांना शंभर मण्यांची माळ करून हवी होती. मी लेथवर मणी कातले, पाच रंगांत रंगवले, दिसायला झकास. आठवड्यात माळ परत आली. "अहो, पोरं मणी सोडून रंगच मोजतायत." दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, एवढंच हवं होतं. का, ते मला वर्गात बसवून दाखवलं. आपण सत्तावीस म्हणतो तेव्हा सात आधी ऐकू येतं, लिहायचे मात्र दोन आधी. पोर ७२ लिहितं आणि ओरडा खातं. एकोणपन्नासमध्ये तर पन्नास ऐकू येतं आणि लिहिताना पाचाचा पत्ता नसतो. दुसरीतल्या एका मुलीनं सत्ताविसाव्या मण्यापुढे कपड्याचा चिमटा लावला, मागे बोट फिरवलं, "लाल दहा, पांढरे दहा, न् हे सात," आणि २७ लिहिलं. पुढे २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीस 'वीस सात' असं वाचायची पद्धत आली तेव्हा सगळीकडे थट्टा चालली होती. मला काही हसू आलं नाही.

माळेमागून दशकाचे दांडे आले, अपूर्णांकाच्या चकत्या आल्या. नायलॉनचा दोरा सैल पडायचा म्हणून सुती गोफ घेतला. एका ठिकाणचं बिल दीड वर्ष अडकलं, त्यात एक कारागीर सोडून गेला. तेवढं सोडलं तर गाडी रुळावर होती.

खरा धक्का निराळाच. दिलेल्या साहित्याची विचारपूस करायला मी एका शाळेत गेलो, तर आमची पेटी कपाटात, कुलपात, प्लास्टिकसुद्धा न काढलेली. बाई संकोचून म्हणाल्या, "डेडस्टॉकला नोंद आहे हो, शाळेच्या सामानाच्या वहीत. एक मणी हरवला तर उत्तर मी द्यायचं." त्यांचं काय चुकलं? नव्या शिक्षणपद्धतीवर भाषणं पुष्कळ ऐकली, पण त्या नोंदवहीबद्दल कुणी बोललेलं आठवत नाही. मीसुद्धा तोवर पेट्या मोजत होतो, उघडलेल्या किती ते नाही.

तेव्हापासून प्रत्येक माळेबरोबर दहा सुटे मणी आणि हातभर गोफ फुकट देतो. बिलात त्यांचा उल्लेख नसतो, म्हणजे नोंदही होत नाही. संपले की शाळेनं फोन करायचा, एसटीनं पाठवतो. अण्णा कुरकुरतात, पण पुडीत मणी भरायचं काम त्यांनी स्वतःकडेच ठेवलंय, आणि ते अकरा भरतात.