आठ गुंठे आणि एक अंगठा

आमच्या गावाच्या वेशीवर तंटामुक्त गावाचा फलक आहे. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, पुढे गावाला बक्षीस मिळालं आणि फलक लागला. त्या फलकापासून हाकेच्या अंतरावर आमचं आणि आबांचं रान. २०१८ पासून पाच वर्षं तिथं दोन्ही घरांची तोंडं दोन दिशांना होती.

आबा भाऊकीतले, वडिलांच्या बरोबरीचे. भांडण कशाचं हे पुण्यात सांगायला गेलं की लोक गोंधळतात, म्हणून सावकाश सांगते. १९४७ च्या कायद्याखाली राज्यात गावोगाव जमिनींचं एकत्रीकरण झालं, जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आमच्याकडे ते सत्तरच्या दशकात झालं. कागदावर तुकड्यांची अदलाबदल झाली, रानातून मात्र कुणी हललं नाही. त्यामुळे आम्ही कसतो ते रान सातबाऱ्यावर आबांच्या नावावर, आणि आबा कसतात ते आमच्या. हे वडिलांना ठाऊक होतं, आबांनाही. "कागद काय बी म्हनू दे, तुझं तू कस, माझं मी," एवढ्यावर दोघांची चाळीस वर्षं निघाली.

बिनसलं ते पुढच्या पिढीत. आबांच्या थोरल्याला ठिबकचं अनुदान हवं होतं आणि कागद जुळेनात. त्याने आम्हाला न सांगता मोजणीचा अर्ज टाकला. मोजणी ही खरं तर साधी सरकारी गोष्ट, फी भरली की मोजणीदार येतो. पण गावात मोजणी आणणं म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणणं. आणि तो शब्दही निघालाच. बांधावर, वडिलांच्या देखत, थोरला दादाला म्हणाला, "तुझा बा चोर हाय." दादाने हातातलं खोरं उगारलं. मग पोलिसांत दोन्हीकडून अदखलपात्र नोंदी.

तंटामुक्ती समितीने बोलावलं तेव्हा मी पुण्याहून गेले होते. समोर पन्नासेक माणसं. दादा आणि थोरला एकमेकांशी बोलतच नव्हते, जमलेल्यांना ऐकवत होते. कुणाचा टोला बसला की मागून हसू यायचं. पन्नास माणसांसमोर माघार घेणारा गडी मी तरी अजून पाहिलेला नाही. अर्ध्या तासात बैठक मोडली.

२०१९ ला वडील गेले. वारसनोंद होऊन आई, दादा आणि माझं नाव सातबाऱ्यावर चढलं. दोन वर्षांनी ई-पीक पाहणी आली, म्हणजे शेतकऱ्याने आपलं पीक आपणच मोबाइलवर नोंदवायचं. दादा आपल्या सोयाबीनमध्ये उभा राहून मोबाइल धरायचा आणि मोबाइल सांगायचा, तुम्ही गटापासून इतके मीटर लांब आहात. त्याचा फोन यायचा, "जन्म काढला या मातीत, आन् ह्यो म्हनतो लांब हाईस."

जानेवारी २०२३ मध्ये सरकारने सलोखा योजना आणली, ती नेमकी अशा लोकांसाठी. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात, दुसऱ्याची पहिल्याच्या, आणि हा ताबा किमान १२ वर्षांचा असेल, तर दोघांच्या संमतीने अदलाबदलीचा दस्त करता येतो. एरवी अदलाबदलीला बाजारभावावर टक्क्यांनी मुद्रांक शुल्क लागतं. इथे मुद्रांकाचे १,००० आणि नोंदणीचे १,०००. क्षेत्र कमी-जास्त असलं तरी चालतं. फक्त सातबाऱ्यावर ज्यांची ज्यांची नावं, त्या सगळ्यांची राजीखुशी हवी. म्हणजे मेख तिथेच होती. सरकारने दोन हजारांत जमीन बदलून द्यायची सोय केली, पण अर्जावर सह्या करायला माणसं एका जागी कुणी आणायची?

दादा जाणार नव्हता, थोरला येणार नव्हता. आबांची लेक माझ्या वर्गातली, शेजारच्या गावात दिलेली. मी तिच्याकडे गेले. चहा झाला, पोरांच्या परीक्षा झाल्या, तिच्या सासूचे गुडघे झाले. उठताना म्हटलं, "अशी योजना आलीय, आबांच्या कानावर घाल." तिने घातलं. दोन आठवड्यांनी निरोप आला, बसू, पण तुमच्या घरी नाही. आमच्या घरचंही म्हणणं तेच होतं, त्यांच्या घरी नाही. शेवटी रविवारी प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात बसायचं ठरलं. आबा, थोरला, दादा, मी आणि निवृत्त झालेले आमचे गुरुजी. सहावं माणूस नाही.

गुरुजींनी दोनच अटी घातल्या. आज जमिनीचं नाव काढायचं नाही. आणि स्वतःचं सांगण्याआधी समोरच्याने काय सांगितलं ते त्याला पटेल असं परत म्हणून दाखवायचं. चौथीच्या पोरांची भांडणं ते अशीच सोडवायचे, मला आठवत होतं. दादाच्या कपाळावर आठ्या, पण गुरुजींपुढे बोलतो कोण!

आधी आबा बोलले. जमीन नाही, मोजणी नाही. म्हणाले, "तुजा बा गेला, मला निरोप धाडला न्हाई. देवळाच्या लाउडस्पीकरवरनं कळलं. लहानपनापासनं एका ताटात जेवलेलो आमी." मला खाली बघावं लागलं. निरोप न धाडण्याचं आम्ही भावंडांनी मिळून ठरवलं होतं, आईला न विचारता. तेव्हा तो आम्हाला स्वाभिमान वाटला होता.

दादाने ते परत म्हणायचं होतं. दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा "पण तुमच्या पोरानं" वर घसरला. गुरुजी म्हणाले, "पण नको." तिसऱ्यांदा सरळ म्हणाला, "आबा म्हणतात, त्यांना निरोप पायजे होता." मग दादाची पाळी. चोर या शब्दाचं सांगताना त्याचा आवाज फुटला. थोरल्याने ते परत म्हटलं, भिंतीकडे बघत, पण म्हटलं. माफी कुणीच मागितली नाही. मला वाटतं मागायला लावली असती तर खोटी निघाली असती.

ही युक्ती मी नंतर ऑफिसात वापरली. आमच्याकडे रजेच्या पाळीवरून दोघी शेजारी बसून एकमेकींना ईमेल करायच्या. एकीला जमलं, दुसरी "मी काय शाळेत आहे का?" म्हणून उठून गेली. गुरुजींचा दरारा माझ्यात नाही, हे कबूल.

पुढच्या रविवारी जमिनीचा विषय निघाला आणि खरी अडचण आमच्याच घरात उभी राहिली. आमच्या नावावरचा गट ९२ आर, आम्ही कसतो तो ८४. आर म्हणजे गुंठाच धरा. बदल केला तर कागदावरचे आठ गुंठे जाणार. दादा रात्री जेवताना म्हणाला, "आठ गुंठे फुकट सोडायचे? रस्त्याकडंचं रान हाय." हिशेब चुकीचा नव्हता. मीही मोबाइलवर आठ गुंठ्यांचा भाव काढून बघितला, खोटं कशाला बोलू. दोन-तीन दिवस आम्ही भावंडं याच गणितात. मग आईने भाकरी थापता थापता विचारलं, "त्या आठ गुंठ्यांत कदी पेरलंस रं?" दादा म्हणाला, "न्हाई." "तुज्या बानं?" "न्हाई." आई पुढे काही बोलली नाही, भाकरी उलटली. विषय तिथे संपला असं नाही, अजून आठवड्याने संपला. पण दादा परत भाव काढून बसला नाही.

तलाठ्याकडे अर्ज दिला. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून तलाठीच.) सोसायटीचं पीककर्ज फेडून बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज बाकी नसल्याचा कागद घेतला, सातबाऱ्यावर इतर हक्कात लिहिलेला कर्जाचा बोजा उतरवला, त्यात मार्च गेला. मग तलाठी आणि मंडळ अधिकारी रानात आले. कुणाचा ताबा कुठे, किती वर्षांचा, याचा पंचनामा होतो आणि त्यावर लगतच्या खातेदारांच्या सह्या लागतात. पूर्वेचा शेजारी अडून बसला, आधी माझ्या बैलगाडीच्या वाटेचं बघा. दोघांचं मिटतंय म्हटल्यावर तिसऱ्याला आपलं आठवतंच. आबांनीच स्वतःच्या बांधावरून त्याला वाट कबूल केली आणि सही झाली.

दस्त नोंदवायला दुय्यम निबंधकाकडे गेलो त्या दिवशी सर्व्हर बंद. सकाळी दहापासून बाकावर. थोरला बाहेर मोटरसायकलला टेकून, दादा आत. दुपारी आबांनी फडकं सोडलं. ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा. न विचारता अर्धी भाकरी दादाच्या हातावर ठेवली.

चार वाजता नाव पुकारलं. फोटो झाला, अंगठ्याला आलो तर आबांचा अंगठा मशीन घेईना. सत्तर वर्षं खोरं-कुदळ धरून रेषाच उरल्या नव्हत्या. एकदा, दोनदा, चारदा. मागची माणसं कुरकुरायला लागली. आबा ओशाळून अंगठा धोतराला पुसत राहिले. दादाने खिशातला रुमाल बाटलीतल्या पाण्याने भिजवला, आबांचा हात हातात घेतला आणि अंगठा चोळला, नखाच्या कडेपर्यंत. मग स्वतःच तो काचेवर दाबून धरला. "हलू नगा, आबा." मशीनने घेतला.

मग फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात. कुणी हरकत घेतली नाही. नोंद मंजूर होऊन नवा सातबारा हातात आला तेव्हा आईने तो देवापुढे ठेवला. आठ गुंठे कमी असलेला.

थोरल्याचं आणि दादाचं अजून मोटारीपुरतंच बोलणं आहे, तेही व्हॉट्सअ‍ॅपवर. विहीर सामाईक, वीज येणार कधी याचा भरवसा नाही. परवा दादाने मला दाखवलं. थोरल्याने लिहिलं होतं, "लाइट रात्री १२ ची हाय. आधी तुमचं भिजवा." खाली दादाचा अंगठा.