शून्य गुण, नऊ किलोची गाठ आणि कापसाचा काटा

तीन आठवडे रील पिशवीतून बाहेर काढलं नव्हतं. मागच्या वेळी ‘कोकणातून निदान एक सुरमई घेऊन येतो’ असं लिहिलं होतं, म्हणून निकाल आधी सांगतो. दोन दिवसांच्या मासेमारी स्पर्धेत एक तांबोशी, तीही ठरलेल्या लांबीपेक्षा दोन सेंटिमीटर कमी. आमच्या बोटीपुढे शून्य. रात्रभराच्या परतीच्या प्रवासात गाडीत कुणी बोललं नाही.

पहिली सुरमई गेली ते समजू शकतो. लीडर, म्हणजे दोराच्या टोकाचा जाड तुकडा, दातांनी साफ कापलेला होता. वायर लावायला हवी होती. जिवाला लागलं ते दुसऱ्या माशाचं. जिग (धातूचं खोटं आमिष) निम्म्या पाण्यात आली आणि रॉड वाकला. 250 मीटर ब्रेडपैकी (रीलवरचा विणलेला दोर) दीडशे त्यानं एका दमात नेला, मग थांबला. बोट चालवणारे तांडेलकाका ओरडले, “वायच सैल सोड!” मला वाटलं, आता दमला, आता गुंडाळायचं. तो पुन्हा निघाला त्याच क्षणी दोर सैल पडला. मासा दिसला नाही, पण त्या धावेवरून मला तो कुपाच (ट्यूना) वाटतो.

दोर ब्रेड आणि लीडर जोडणाऱ्या एफजी गाठीत तुटला होता, म्हणून सगळा राग गाठीवर काढला. पंधरा दिवस रोज गाठी मारल्या. मग गावी गेलो तेव्हा कापूस मोजायचा लटकता काटा दिसला आणि तो उचलला. आई म्हणाली, “काटा कुठं न्यायलास?” गच्चीवर.

बोटीवर मारतो तशी घाईत मारलेली गाठ नऊ किलोला तुटली. ब्रेड 30 पाउंडांचा, म्हणजे 13.6 किलोचा. पण ड्रॅग, म्हणजे किती ताणाला दोर सुटू द्यायचा ते ठरवणारा रीलचा ब्रेक, साडेचार किलोवर लावलेला असताना नऊ किलो ताण आलाच कुठून? इथंच चार संध्याकाळी गेल्या. स्पूल (दोर गुंडाळलेली चकरी) फिरत असताना काटा बरोबर साडेचार दाखवायचा. फिरायला लागण्याच्या क्षणी मात्र 7.2! दहा वेळा ओढून पाहिलं, तेच. शिवाय दीडशे मीटर उतरल्यावर स्पूलचा व्यास 60 मिलिमीटरवरून 50 वर येतो आणि त्याच प्रमाणात ताण वाढतो: 7.2 चे 8.6. त्यात रॉडच्या कड्यांचं घर्षण आणि पाण्यातल्या दोराचा रेटा धरा. तांडेलकाका बरोबर होते.

रील उघडलं तर ड्रॅगमधले फेल्टचे वॉशर दबून चपटे झालेले आणि जुनं ग्रीस डिंकासारखं चिकट. अख्खा उन्हाळा ते पत्र्याच्या खोलीत होतं, ड्रॅग आवळलेलाच. आपल्याकडचं बेचाळीस डिग्री ऊन पत्र्याखाली काय करतं ते सांगायला नको. नाथसागरावर हे कधी कळलं नाही, कारण रोहूसाठी मी ड्रॅग किलोभरावर ठेवतो. घरी आल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, कळकळीनं सांगतो. आणि बेअरिंगचं ग्रीस आत घालू नका. ड्रॅगचं ग्रीस महाग आहे, पण डबी दोन वर्षं पुरते. कार्बन वॉशर चेन्नईच्या एका दुकानातून मागवले, चार दिवसांत आले, मापात तंतोतंत.

आता सुरुवात 4.8, चालताना 4.5. पहिल्यांदा स्पूल अलगद सुटलं तेव्हा मी काटा हातात धरून कितीतरी वेळ तसाच उभा होतो.

पुढच्या हंगामासाठी मोठं रील घ्यायचं ठरवलं होतं. पण हे लिहिताना एक सुचलं: माझ्या ब्रेडचा रंग दर 10 मीटरला बदलतो. मग बाहेर गेलेले रंग मोजून ड्रॅग सैल करता येईल की! दहाव्या रंगाला ड्रॅगची चकती किती क्लिक सैल करायची, पंधराव्याला किती, हे काट्यावर मोजून रॉडच्या दांड्यावर चिकटवायचं. रीलचे पैसे वाचले, त्यातून वायर आणि चांगला लीडर.

फक्त गच्चीवर माशाचा वेग मिळत नाही. आमच्या गावाजवळून जायकवाडीचा डावा कालवा जातो, त्याच्या कडेची वाट सरळ आहे. चुलतभावाच्या स्प्लेंडरच्या कॅरिअरला दोर बांधून त्याला दीडशे मीटर पळवायचं, थांबवायचं, पुन्हा पळवायचं. समुद्रावरची बंदी 1 जून ते 31 जुलै. तोवर हा तक्ता पक्का करतो. रविवारी सकाळी सहाला तो येतो म्हणालाय.