डिकीतली डबी

मे महिन्यातली जळगावची दुपार. तीन दवाखान्यांतून एकाच दिवशी माझ्या प्रयोगशाळेत रक्ती आवेचे नमुने आले. तिन्ही मुलं, तिन्ही शहराच्या एकाच भागातली. दोन डब्या बर्फाच्या थर्मासमधून आल्या. तिसरी दुचाकीच्या डिकीतून, चार तास फिरून. "मॅडम, वाटेत अजून दोन ठिकाणी जायचं होतं," पोऱ्या म्हणाला.

रक्ती आवेचा जंतू, शिगेला, फार नाजूक. स्टूल डबीत पडून राहिलं की आंबतं आणि शिगेला मरतो. आतड्यात नेहमीच असणारा ई. कोलाय मात्र वाढतच राहतो. दोन तासांत नमुना पोचणार नसेल तर तो केरी-ब्लेअर या जंतू जिवंत ठेवणाऱ्या माध्यमात घालून थंडच आणायला हवा. तिसरा नमुनाही प्लेटवर वाढायला लावला, पण वहीत त्यापुढे वेळ लिहून ठेवली.

लावताना नमुन्यातलं पाणी घेत नाहीत. रक्ताळलेल्या आवेचा चिकट तुकडा लूपने, म्हणजे तारेच्या कडीने, उचलायचा आणि मॅक्कॉन्की आणि एक्सएलडी अशा जंतू वाढवायच्या दोन प्लेटवर ओढायचा. दुसऱ्या सकाळी पहिल्या दोन्ही मॅक्कॉन्कींवर ई. कोलायच्या गुलाबी वसाहतींच्या मधे फिकट, बिनरंगी वसाहती होत्या. एक्सएलडीवर त्याच लाल दिसल्या, मधे काळा ठिपका नाही. ठिपका असता तर साल्मोनेला शोधला असता. टीएसआय या साखरेच्या चाचणीच्या नळीत उतार लाल, बूड पिवळं, वायू नाही. युरिया फोडणारं यूरिएज नाही, हालचाल नाही. स्लाइडवर, जंतूची जात ओळखणाऱ्या अँटिसीरमने दाणे धरले: शिगेला फ्लेक्सनेरी.

तिसऱ्या प्लेटवर नुसतं गुलाबी. तिथे 'शिगेला नाही' असं लिहिणं खोटं ठरलं असतं. 'नमुना उशिरा पोचला, पुन्हा पाठवा' असं लिहिलं, पण तोवर त्या मुलाला औषध सुरू झालं होतं. एक नोंद कायमची गेली. शहरातल्या जंतूंचा औषधांना प्रतिकार मोजताना अशी गेलेली नोंद मला फार लागते.

चौथ्या दिवशी झोन मोजले, म्हणजे औषधाच्या डिस्कभोवती जंतू न वाढलेल्या रिंगणाचा व्यास. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या 5 मायक्रोग्रॅमच्या डिस्कला दोन्ही प्लेटवर वाढ अगदी कडेपर्यंत भिडलेली. झोन 6 मिमी, म्हणजे डिस्कचाच व्यास. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 साली रक्ती आवेसाठी पहिलं औषध म्हणून सांगितलेलं हेच. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन 27 आणि 28 मिमी. 23 च्या पुढे चालतं.

अडलं ते अझिथ्रोमायसिनपाशी. झोनच्या कडेला धुकं. आतली कड धरली तर 12 मिमी, बाहेरची धरली तर 17, आणि 'चालतं' म्हणायची हद्द 16. शिगेलात हे नेहमीचं आहे, म्हणून इथे डोळ्यावर भिस्त ठेवू नये. औषधाची स्ट्रिप लावून एमआयसी काढला, म्हणजे जंतूला रोखणारं औषधाचं किमान प्रमाण. दोन्हींचा 4 आला, 8 पर्यंत चालतं.

जेन्टामायसिनचा झोन छान मोठा होता, त्यापुढे संगणकाने 'एस', म्हणजे 'चालतं', उमटवलं. ते खोडलं. हा जंतू आतड्याच्या पेशींत शिरून बसतो. प्लेटवर जेन्टामायसिन जिंकतं, रोग्यात नाही. पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनचंही तेच. घाईत हा 'एस' रिपोर्टवर गेला तर कुणीतरी तेच इंजेक्शन देतं आणि मूल तसंच राहतं.

दोन मुलं, एकच भाग, एकच प्रतिकार. फ्लेक्सनेरी ओळखला त्याच दुपारी महापालिकेच्या आरोग्य विभागाला फोन केला होता: नळांच्या शेवटच्या टोकाच्या पाण्याची ओटी, म्हणजे क्लोरीनची चाचणी, करा, क्लोरीन 0.2 पीपीएमच्या खाली आहे का बघा. शंभरापेक्षाही कमी जंतू पोटात गेले तरी हा आजार होतो, म्हणून एमआयसीसाठी थांबलो नाही.

तिसऱ्या दवाखान्यात त्याच संध्याकाळी केरी-ब्लेअरच्या दहा बाटल्या आणि एक थर्मास पोचवला.