दहा अक्षरांचा घोळ

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एक पॅटर्न शॉप, म्हणजे ओतकामाचे नमुने-साचे बनवायचा कारखाना आहे, तिथून सकाळी सातलाच फोन. 'सर, जुन्या मशीनला प्रोग्रॅम जाईना झालाय, येताय का?' मशीन म्हणजे नव्वदच्या दशकातलं व्हीएमसी (प्रोग्रॅमवर चालणारं उभ्या कटरचं मिलिंग मशीन), त्याचा मेंदू फॅनुक झिरो-एम कंट्रोल, आणि त्याला प्रोग्रॅम पुरवणारा डॉसवाला पीसी आदल्या रात्री कायमचा झोपलेला. मालकांनी नवा लॅपटॉप आणि एक स्वस्तातला यूएसबी टू सिरीयल कन्व्हर्टर आणून ठेवला होता, त्यांच्या हिशोबानं माझं काम फक्त केबल खुपसायचं.

ज्यांनी हे कंट्रोल पाहिलं नाही त्यांना सांगतो, याची मेमरी मीटरमध्ये मोजतात. खरंच! ८० मीटर, म्हणजे तेवढ्या लांबीच्या कागदी पंच टेपवर मावेल इतका मजकूर, इंचाला १० अक्षरं धरली तर साधारण ३१-३२ हजार अक्षरं. आणि डायचा, म्हणजे साच्याचा, थ्रीडी प्रोग्रॅम दीड एमबीचा, तो त्यात कुठला मावतोय, म्हणून मशीन टेप मोडला टाकायचं, पीसीनं घास घास भरवायचं आणि मशीननं कापत राहायचं.

आधी मशीनच्या स्क्रीनवर ०८६ अलार्म, म्हणजे बिघाडाचा नंबर. तो सोपा, समोरचा तयार असल्याचा सिग्नलच मिळत नव्हता, २५ पिनच्या कनेक्टरमध्ये ६, ८, २० एकत्र आणि ४-५ एकत्र जोडले की गप्प. मग ०८५, अक्षरं पाठवायच्या सेटिंगची बोंब, ७ बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट केलं, ५५२ नंबरच्या पॅरामीटरला १० होते म्हणजे ४८०० बॉड (सेकंदाला ४८०० बिट), तेच लॅपटॉपला दिलं आणि दहा ओळींचा छोटा प्रोग्रॅम झटक्यात गेला. चहा आला.

चहा संपायच्या आत मोठ्या प्रोग्रॅमला ०८७. बफर ओव्हरफ्लो, म्हणजे आलेली अक्षरं ठेवायची जागा ओसंडली.

इथं मी अर्धा दिवस घालवला, आता सांगायला लाज वाटते. केबल बदलली, शिल्ड अर्थ केली, बॉड कमी करत १२०० पर्यंत आलो, तर अलार्म उशिरा यायला लागला पण कटर प्रत्येक ब्लॉकला थबकायचा, जॉबवर डाग. शेवटी ऑपरेटर मामा, जे सकाळपासून शेजारी उभं राहून सगळं बघत होते, म्हणाले, 'सर, जुना पीसी मधनंच गप बसायचा बघा. ह्यो लॅपटॉप गप बसतच न्हाई.'

झालं की! मशीनचं पोट भरलं की ते एक्सऑफ पाठवतं, म्हणजे थांब. त्यानंतर आणखी १० अक्षरं ते कशीबशी गिळतं, अकराव्याला ०८७. ४८०० बॉडला, अक्षरामागे ११ बिट धरून, सेकंदाला ४३६ अक्षरं जातात, म्हणजे थांबायला वेळ किती, तर जेमतेम २३ मिलिसेकंद. लॅपटॉप एक्सऑफ ऐकून थांबतही असेल, पण तोवर त्यानं कन्व्हर्टरच्या पोटात अक्षरांचा गठ्ठा ढकललेला असतो आणि तो कन्व्हर्टर एक्सऑफला भीक न घालता सगळा गठ्ठा ओतून मोकळा होतो. छोटा प्रोग्रॅम सरळ मेमरीत जात होता, थांब म्हणायची वेळच येत नव्हती, म्हणून तो पास. चिपमध्येच एक्सऑफ पाळणारे कन्व्हर्टर मिळतात, पण त्या दिवशी हातात नव्हता.

मग आठवलं, डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर कॉम पोर्टची, म्हणजे जुन्या सिरीयल पोर्टची, पिनांची जागा अजून बऱ्याचदा असते, फक्त मागे त्याचं सॉकेट दिलेलं नसतं. ऑफिसातला पीसी उघडला, होती! राजारामपुरीतून पोरगा सॉकेटची पट्टी घेऊन आला, बसवली, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम १ च्या ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन ट्रान्समिट बफर १६ वरून १ वर ओढला. आता एक्सऑफ आल्यावर फार तर एकदोन अक्षरं जास्तीची जाणार.

पीसी उचलून मशीनजवळ नेला, सायकल स्टार्ट. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कोणी बोलेना. पाऊण तासानं मामांनी त्या सीपीयूवर खडूनं 'हात लावू नये' लिहिलं, तेवढ्यात अकाउंटवाल्या ताई पदर खोचून शॉप फ्लोअरवर हजर, 'अहो, माझं टॅली त्यात आहे, जीएसटी भरायचाय उद्या!'

मालकांनी कोपऱ्यातल्या नव्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं.